विश्लेषण : बॅटरी नवी, बल्ब नवा, तरी जुन्या मोटारसायकलचा दिवा मंद का?

ब्रेक दाबला की स्पीडोमीटरचा दिवा मिणमिणतो. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालावर लुकलुकतो. हॉर्न सकाळी वाजतो, संध्याकाळी घसा बसल्यासारखा करतो. पाऊस लागला की गाडी किक मारून मारून दमवते आणि ऊन पडले की पहिल्या किकेला सुरू होते. बोरीवलीतल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात, जिन्याखाली किंवा प्लास्टिकच्या आवरणाखाली उभ्या असलेल्या १०० सीसीच्या अनेक मोटारसायकलींची हीच कहाणी. नंबरप्लेटवर बहुधा अंधेरी आरटीओचा एमएच-०२, कारण बोरीवलीचा स्वतःचा एमएच-४७ हा क्रमांक नंतर आला. इंजिन अजून ठणठणीत असते. वडिलांनी किंवा काकांनी घेतलेली म्हणून गाडी विकवतही नाही. मग दुरुस्ती सुरू होते. आधी बॅटरी, मग बल्ब, मग फ्लॅशर, मग सीडीआय. बिल वाढत जाते आणि दिवा मात्र मंदच राहतो.

याचे कारण बहुतेक वेळा सुट्या भागांत नसते. ते दोन भागांच्या मधे, वायरच्या जोडांत आणि अर्थिंगमध्ये असते.

गाडीत ‘भूत’ शिरते म्हणजे काय?

घरातल्या वायरिंगमध्ये वीज एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. मोटारसायकलमध्ये बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून आलेली वीज बल्बमधून जाऊन परत निगेटिव्हकडे पोहोचते ती अर्थच्या तारेने किंवा गाडीच्या लोखंडी चासीमधून. म्हणजे चासी ही परतीची सामाईक वाट. ही वाट एखाद्या बोल्टखाली गंजली, की विजेला परत जाता येत नाही. पण वीज थांबून राहत नाही, ती आडवाट शोधते.

मागच्या दिव्यात ब्रेक आणि टेल अशा दोन फिलामेंट असतात आणि दोघींची अर्थ एकच. ती तुटली असताना ब्रेक दाबला, तर वीज ब्रेकच्या फिलामेंटमधून येते, अर्थ न मिळाल्याने टेलच्या फिलामेंटमध्ये उलटी शिरते, तिच्या तारेने पुढे हँडलपर्यंत जाते आणि स्पीडोमीटरच्या बल्बमधून एकदाची अर्थ गाठते. वाटेत तीन फिलामेंट एकामागे एक आल्याने प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच व्होल्ट येतात. म्हणून सगळेच मंद. हे कोडे एकदा कळले, की ‘नको तो दिवा लागतो’ ही तक्रार ऐकताच बल्ब न बदलता थेट हिरवी तार आणि तिचा बोल्ट तपासावा हे उमगते.

बोरीवलीतच हा त्रास जास्त का?

एक तर हवा. पश्चिमेला गोराई आणि मनोरीची खाडी आहे, पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल आहे आणि त्या ओलीत खारेपणा आहे. तांब्या-पितळेच्या जोडावर ती बसली की हिरवट बुरशीसारखा थर धरतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हला कायम जोडलेली तार गाडी बंद असतानाही ‘जिवंत’ असते. ओल्या कपलरमध्ये तिथून सूक्ष्म गळती चालू राहते आणि त्या बाजूची पितळी पिन सर्वांत आधी झिजते. त्यामुळे उभी गाडी खराब होत नाही, हा समज चुकीचा आहे. पावसाळाभर बॅटरी जोडून उभी ठेवलेली गाडी उलट लवकर बिघडते.

दुसरे म्हणजे वापर. इथली जुनी बाईक बहुधा घर ते स्टेशन एवढीच धावते. दीड-दोन किलोमीटर, त्यात एस. व्ही. रोडवरचे सिग्नल, पाय ब्रेकवर आणि बोट हॉर्नवर. हीरो होंडा स्प्लेंडरसारख्या किकवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी अवघी १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरची. मागे २१ वॅटचा ब्रेक बल्ब असेल तर तो एकटाच पावणेदोन अँपिअर ओढतो. सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना मॅग्नेटो बॅटरीला जेमतेम काही देते. म्हणजे रोज खर्च जास्त, भरणा कमी. अशी बॅटरी वर्षभरात बसते आणि दोष बॅटरीच्या कंपनीला जातो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवलेली तीच गाडी कितीतरी कमी कुरकुरते.

आणि तिसरे, पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, दहिसर नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली आणि हजारो दुचाकी बुडाल्या. इंजिन ऑइल बदलून, कार्ब्युरेटर धुऊन त्या सुरू झाल्या. वायरिंग मात्र कोणी उघडले नाही. अनेक बारीक तारांनी वळलेली वायर दिव्याच्या वातीसारखी पाणी आत ओढते. वरून प्लास्टिक साबूत दिसते आणि आत तांबे हातभर लांबीपर्यंत काळे पडलेले असते. अशा तारेला सोल्डर धरत नाही. टोक कापून, सोलून पाहिल्यावर तांबे काळे निघाले तर आणखी मागे कापावे. लखलखीत तांबे मिळेपर्यंत. ते मिळालेच नाही तर ती तार टाकून द्यावी. त्या वेळच्या गाड्या आज २० वर्षांच्या पुढे आहेत. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून काढलेल्या गाड्यांनाही हेच लागू आहे.

एक ओहम किती महागात पडतो?

गंजलेला जोड तार तोडत नाही, अडथळा निर्माण करतो. १० वॅटचे दोन इंडिकेटर बल्ब मिळून साधारण १.७ अँपिअर घेतात. वाटेत गंजाने केवळ एक ओहमचा अडथळा आला, तर बल्बपर्यंत १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट पोहोचतात. दीड व्होल्टची घट किरकोळ वाटते, पण साध्या फिलामेंट बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. या घटीला तो साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. जुना गरम होऊन उघडझाप करणारा फ्लॅशर एवढ्या कमी करंटवर नीट तापत नाही, म्हणून इंडिकेटर एकतर रेंगाळत लुकलुकतो किंवा नुसताच लागून राहतो. अशा वेळी नवा फ्लॅशर घालून काहीही बदलत नाही. जुन्या फ्लॅशरवर एलईडी इंडिकेटर लावले तरी हाच प्रकार होतो, कारण एलईडी फारच थोडा करंट घेतात.

इथे मल्टीमीटर लागतो. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारा साधा मीटर पुरे. बहुतेक लोक त्याचा ‘बीप’ वापरतात. दोन टोकांना प्रोब लावायचे, आवाज आला की तार चांगली. पण हाच बीप फसवतो. वीस धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो, कारण मीटर तपासायला नगण्य करंट सोडतो. दिव्याचा खरा करंट त्या एका धाग्यातून जायला लागला की तिथेच व्होल्टेज गळते.

म्हणून तपासणी दिवा चालू ठेवून करायची. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब बल्बच्या अर्थच्या तारेवर. इंडिकेटर किंवा ब्रेक लावावा. मीटर शून्याच्या आसपास, फार तर ०.२ व्होल्ट दाखवत असेल तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले, तर तेवढे व्होल्ट गंज खात आहे. मग लाल प्रोब वाटेतल्या एकेका जोडावर सरकवत न्यायचा. जिथे आकडा एकदम पडतो, तिथेच खोट. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरा बल्बच्या पॉझिटिव्ह टोकावर ठेवून तपासता येते. या पाच मिनिटांच्या कामाने वाचणारे पैसे मीटरच्या किमतीपेक्षा सहज जास्त असतात.

बॅटरीचे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास व्होल्ट असावेत. १२ च्या खाली म्हणजे ती उतरली आहे. हॉर्न दाबल्यावर आकडा धाडकन ९-१० वर आला तर बॅटरीच संपली. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. काहीच वाढत नसेल तर मॅग्नेटोची कॉईल, आरआर युनिट (गॅरेजच्या भाषेत रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा मधला कपलर; १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट किंवा त्याची अर्थ. बॅटरीचे पाणी वारंवार आटणे आणि हेडलाइटचा बल्ब महिन्या-दोन महिन्यांनी उडणे ही त्याचीच लक्षणे. बल्ब बदलणारा ग्राहक दुकानदाराला आवडतो, एवढेच.

पावसात गाडी बंद, मग सीडीआय गेला का?

गॅरेजमध्ये पहिला निकाल ठरलेला असतो : ‘‘काका, सीडीआय गेला.’’ गेलेला असूही शकतो. पण आधी एक चाचणी करून बघण्यासारखी आहे आणि तिला खर्च शून्य.

स्प्लेंडर, सीडी १०० या पिढीच्या गाड्यांमध्ये ठिणगीची वीज बॅटरीतून येतच नाही. मॅग्नेटोतली स्वतंत्र कॉईल सीडीआयला वीज देते, म्हणून बॅटरी काढून टाकली तरी गाडी सुरू होते. मग चावीने गाडी बंद कशी होते? चावी फिरवली की लॉक एक काळी-पांढरी तार अर्थला टेकवते आणि ठिणगी मरते. म्हणजे या गाड्यांत लॉकचे काम इंजिनला वीज देणे नसून ती अडवणे आहे. पावसात लॉकमध्ये पाणी शिरले किंवा ती तार हँडलच्या वळणावर घासून सोलली, तर चावी ‘ऑन’ असतानाही इंजिनला ‘ऑफ’चाच हुकूम मिळत राहतो.

चाचणी अशी : प्लग काढून तो कॅपमध्ये बसवावा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या पंख्यांना घट्ट टेकवावी, प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. किक मारावी. ठिणगी नसेल तर सीडीआयच्या कपलरमधली ती काळी-पांढरी तार तात्पुरती सोडवून पुन्हा किक मारावी. आता निळी ठिणगी आली, तर सीडीआय शाबूत आहे. दोष लॉकमध्ये किंवा त्या तारेत. कॅप हवेत मोकळी ठेवून किक मारू नये, सीडीआय आणि कॉईल त्याने खरोखरच जाऊ शकतात. किक मारताना प्लग किंवा कॅप हाताने धरू नये. तो झटका साधा नसतो.

आणखी एक फसवे दुखणे : गाडी थंड असताना मस्त सुरू होते, पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. पेट्रोलच्या टाकीचे झाकण, कार्ब्युरेटर सगळे पाहून झाले असेल तर मॅग्नेटोची कॉईल तपासावी, पण गरम असतानाच. आतली बारीक तार तुटलेली असली तरी थंडीत टोके टेकलेली राहतात, तापल्यावर विलग होतात. गाडी थंड झाल्यावर मोजलेला ओहमचा आकडा बिनचूक येतो आणि मेकॅनिक शपथेवर सांगतो की कॉईल चांगली आहे. तो खोटे बोलत नसतो.

राजदूत किंवा जुनी लुना असेल तर सीडीआयचा प्रश्नच नाही. तिथे सीबी पॉइंट आणि कंडेन्सर आहेत. पॉइंटवर काजळी साठली असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसून गॅप फीलर गेजने जुळवावी. हे काम घरी जमते.

काळी तार म्हणजे अर्थ?

या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या कुळावर अवलंबून आहे आणि जुन्या गाड्यांचे निम्मे वायरिंग याच घोळात जळाले आहे. १९८४ ते १९८६ या अवघ्या दोन-तीन वर्षांत चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सीसीच्या गाड्या भारतात आल्या : इंड-सुझुकी एएक्स १००, हीरो होंडा सीडी १००, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकी केबी १००. प्रत्येकीने आपापल्या मूळ कंपनीचे तारांचे रंग आणले.

होंडाच्या कुळात हिरवी तार अर्थ आणि काळी म्हणजे चावी लावल्यावर येणारा पॉझिटिव्ह. यामाहात काळी हीच अर्थ. म्हणजे आरएक्सवर हात बसलेल्याने स्प्लेंडरची काळी तार चासीला जोडली की फ्यूज उडालाच. सुझुकीत काळी-पांढरी तार अर्थ आहे, तर होंडात काळी-पांढरी म्हणजे वर सांगितलेली इंजिन बंद करणारी तार. ती कोणी ‘अर्थच आहे’ म्हणून चासीला बांधली, तर गाडी कधीच सुरू होणार नाही आणि तीन मेकॅनिक तीन सीडीआय विकतील. कावासाकीच्या कुळात अर्थ काळी-पिवळी. म्हणून कुठलीही तार कापण्याआधी त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळवावा आणि उघडलेल्या हेडलाइटच्या डोमचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सगळ्या तारांचा संगम तिथेच होतो. जुन्या गाडीच्या दुखण्याचाही.

रंगकाम झाले आणि दिवे गेले, असे का होते?

सध्या जुन्या गाड्या नव्यासारख्या करून घेण्याची हौस आहे. चासी उतरवून पावडर कोटिंग होते, टाकीवर नवे स्टिकर लागतात, क्रोम चकाकते आणि गाडी जोडल्यावर काहीच पेटत नाही. कारण साधे आहे : रंग वीज वाहत नाही. अर्थच्या तारेचे थिंबल ज्या बोल्टखाली बसते, आरआर युनिट आणि एचटी कॉईल जिथे चासीला टेकतात, तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्यावे लागते. बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावले की गंज धरत नाही. रंगकाम करणाऱ्याला त्याने केलेल्या सुंदर कामावर असा ओरखडा काढणे जिवावर येते, म्हणून हे काम मालकालाच सांगून करून घ्यावे लागते.

कपलर साफ करताना पिना पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बरा. घासल्याने पितळेवरचा मुलामा जातो आणि गंज पुढच्या वर्षी लवकर येतो. पिन सैल झाली असेल तर बारीक पकडीने किंचित दाबून घट्ट करावी. तार जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणे हा पुढच्या पावसाळ्याचा बिघाड आजच करून ठेवण्याचा प्रकार. सोल्डर किंवा क्रिम्प, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी, आणि जोड हँडलच्या वळणावर येणार नाही अशी जागा.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातलेल्या गाड्या आजही सापडतात. वायरिंग टाकीच्या खालून जाते आणि वर पेट्रोल असते. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी पॉझिटिव्ह तार चासीला टेकते आहे. ती जागा सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये. वायरिंगचे प्लास्टिक अनेक ठिकाणी वितळलेले किंवा हाताला कडक होऊन तुटत असेल, तर ठिगळे लावण्यात अर्थ नाही. पूर्ण हार्नेस बदलावा. तो शक्यतो कंपनीचा किंवा चांगल्या जाडीच्या तारांचा घ्यावा. स्वस्त हार्नेसमध्ये तांबे इतके बारीक असते की नवीन असतानाच दिवा मंद लागतो.

एवढे करून गाडी रस्त्यावर आणता येईल का?

येईल. १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर वयाची सरसकट बंदी महाराष्ट्रात नाही. मात्र खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारसायकलसाठी ते २,००० रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटल्यावर केंद्रीय नियमांनुसार महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क आहे. म्हणजे ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणत वर्षभर जिन्याखाली पडलेली गाडी ३,६०० रुपये खाऊन बसते. सगळे कपलर, फ्लॅशर आणि बॅटरी मिळून इतका खर्च बहुधा येत नाही. शिवाय विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. चासी क्रमांक जुळवला जातो, हॉर्न, ब्रेक लाइट, चारही इंडिकेटर आणि हेडलाइट पाहिले जातात. स्प्लेंडरच्या पिढीत हॉर्न, ब्रेक आणि इंडिकेटर बॅटरीवर, तर हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो. त्यामुळे तपासणीच्या रांगेत इंजिन बंद करून हेडलाइटचे बटण दाबले, तर तो लागणार नाही आणि तो बिघाडही नाही. आपला नंबर आला की आधी किक मारावी, थोडी रेस द्यावी, मग बटण दाबावे.